पलटणीचा टँक आणि धर्माची परीक्षा

सरकारी ऑफिसात उभी हयात काढली की फायली तिथे राहतात आणि किस्से आपल्याबरोबर घरी येतात. फायलींना वाळवी लागते. किस्से मात्र सांगून सांगून बाळसं धरतात! माझ्याकडचे बरेचसे एका पोहण्याच्या टँकचे आहेत.

टँक उल्हासनगरच्या कॅम्पातला. लढाईच्या काळात पलटणीनं बांधला. लढाई संपली, पलटण गेली, बराकींत सिंधी मंडळी राहायला आली. टँकभोवती चार झाडं लावून आम्ही त्याला 'बाग' म्हणू लागलो. पुढे भिंतींना इतक्या भेगा पडल्या की टँक पाडून नवा बांधायचं ठरलं. आपटेसाहेब इंजिनियर, मी त्यांचा कारकून, अंबरनाथहून जाऊन-येऊन करणारा.

*

टँकवर धर्मा होता, शेजारच्या गावचा. कागदोपत्री हुद्दा 'जीवरक्षक', पण त्याला पाण्यात उतरलेला कुणी पाहिला नव्हता. बुडणाऱ्याला तो काठावरून बांबू द्यायचा. एकदा कापडवाले एक जाडजूड शेट गटांगळ्या खाऊ लागले. त्यांनी बांबू असा ओढला की धर्माच काठावरून घसरायला लागला.

"शेट, बांबू सोरा!" धर्मा ओरडला. "मी आत आलो तं आपल्या दोगांना कोन काढील?"

शेट इतके घाबरले की हातपाय मारत आपले आपणच बाहेर आले!

*

नव्या टँकची मीटिंग झाली. कमिटीत सात जण, पोहता येणारा एकही नाही. उडी मारायच्या फळीवर तासभर खल झाला. शेवटी एक वयोवृद्ध सभासद उठले.

"फळी मुळीच नको! उद्या लोक तिच्यावरून उड्या मारतील!"

ठराव एकमतानं पास.

*

एक सिंधी अम्मा रोज सकाळी टँकवर यायची. पाण्यात तांदूळ-साखर टाकायची आणि ओढणीचा पदर पसरून पुटपुटायची. साहेबांनी बोर्ड लावला, 'पाण्यात काहीही टाकू नये.' अम्मानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा साहेब स्वतः समजवायला गेले.

"पुट, बेटा, दरिया को कोई नोटिस देता है क्या?" अम्मा म्हणाली. "हमारी सिंधू तो उधर रह गई. अब यही है."

साहेब आल्या पावली परतले. बोर्ड तसाच राहिला. त्यावर अम्मा ओली ओढणी वाळत घालायची.

*

पाडकामासाठी टँक रिकामा करायचा होता. दोन पंप दिवसभर धडधडले, संध्याकाळी तळ दिसला. सकाळी पाहतो तर टँक पुन्हा अर्धा भरलेला! तीन दिवस हेच. साहेबांनी आधी कंत्राटदाराला झापलं, मग पंपवाल्याला, मग मला.

चौथ्या दिवशी धर्मा म्हणाला, "सायेब, खाली आमची बाव हाय. बापानं खनलेली. पलटनीनं इहिरीवरच टँक बांदला."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी इचारलंत कवा?"

अखेर जुना टँक तसाच ठेवून बागेच्या दुसऱ्या टोकाला नवा बांधला. बावीचं पाणी तिकडे न्यावं, असं मी सुचवून पाहिलं. "हिरवं पाणी माझ्या निळ्या फरशीवर? नळाचंच येईल!" साहेब गरजले.

*

नव्या टँकबरोबर वरून नवा हुकूमही आला. जीवरक्षकाची परीक्षा घ्यावी. एका टोकाला उतरून, काठाला हात न लावता, त्यानं दुसऱ्या टोकाला पोचावं. नापास झाला तर घरी. धर्माचं तोंड उतरलं. जमीन पलटणीनं नेली, आता नोकरीही जाणार. घरी खाणारी पाच तोंडं. मला फार वाईट वाटलं.

मी त्याला पोहायला शिकवायचं ठरवलं. जुन्या टँकच्या पहिल्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "भाऊ, पानी थंड हाय. उद्या."

महिनाभर रोज उद्या!

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबांनी वर कळवून टाकलं, 'टँक पूर्ण झाला असून पाण्याने काठोकाठ भरला आहे.' नळाला तर करंगळीएवढी धार, तीही घटकाभर. सकाळी गेलो तर खोल टोकाला जेमतेम गुडघाभर पाणी आणि उथळ टोक कोरडं ठणठणीत!

"परीक्षा पुढे ढकला," साहेब म्हणाले.

"कारण काय लिहू, साहेब? पाणी नाही?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टँककडे. मग घाम पुसला.

"घ्या परीक्षा!"

धर्मा शिडीनं खाली उतरला. धोतर वर खोचलं, देवाचं नाव घेतलं आणि निघाला. अर्धा टँक पाण्यातून, अर्धा फरशीवरून. दोन्ही हात नीट छातीशी धरलेले, काठाला बोटसुद्धा लावलं नाही. समोरच्या पायऱ्या चढून वर आला आणि वळून उभा राहिला.

"लिहा," साहेब पुटपुटले, "उत्तीर्ण."

मी लिहीत होतो, तेवढ्यात पलीकडच्या टोकावरून हाक आली,

"सायेब, माघारी बी पवून येव का?"