समोरची पाणपोई

देवासात एकाच रस्त्याच्या दोन कडांना दोन राज्यं. माझं घर धाकट्या पातीत, आणि माझ्या शाळासोबत्याचं अगदी समोर, थोरल्या पातीत. दोघेही आपापल्या कचेरीत कारकून. लेखणी सारखी, पगडी सारखी, पगडीखालचं टक्कलही सारखंच. म्हणून एका उन्हाळ्यात त्यानं दारच्या कडुलिंबाखाली पाणपोई घातली तेव्हा मला वाटलं, हा कोण लागून गेला?

टोंकखुर्दकडचे गाडीवान तिथं थांबायचे, ओंजळीनं पाणी प्यायचे आणि त्याच्या लेकराबाळांना आशीर्वाद देत निघायचे. माझ्या ओसरीवर ते सगळं स्वच्छ ऐकू येई. जे ऐकू येत नसे ते आमची ही सांगे. "किती पुण्य जोडताहेत हो भावोजी!" त्या दिवशी आमटी मला खारट लागली.

आठवड्याच्या आत मीही पाणपोई घातली. कोणाला तहान लागलीय की नाही, हा प्रश्न मनाला शिवलासुद्धा नाही. त्याच्याहून मोठे रांजण आणले, पाण्यात वाळा टाकला आणि वर झोकात पाटी लावली: 'धाकट्या पातीची पाणपोई'.

तीच नडली. समोरच्या कडेचे म्हणाले, परक्या राज्याचं पाणी आपण कशाला प्यावं? आमच्या कडेचे म्हणाले, हे सरकारी दिसतंय. आज प्यायलो तर उद्या यावर पट्टी बसायची. पाटी उतरवली, पण बोलवा काही उतरेना. वाळ्याचं पाणी संध्याकाळी तुळशीला जाई. ती बिचारीही कंटाळली असावी.

अशात एका सकाळी तो आला. "धारला चाललोय रे, मुलीचं ठरवायला. माझ्या रांजणांकडे बघशील? या कामाची तुझ्याइतकी हौस गावात दुसऱ्या कोणाला नाही."

हौस! मी तोंडभर "हो" म्हटलं. मनात बेत असा, की त्याचे रांजण कोरडे ठेवायचे. मग सगळे झक मारत रस्ता ओलांडतील.

कोणी ओलांडला नाही. भर दुपारी गाडीवान आले, रांजणात डोकावले आणि सावलीत नुसते बसून राहिले. एका बाईच्या कडेवरचं मूल रडून रडून गप्प झालं होतं. मी ओसरीवर पान जमवत होतो. ते काही केल्या जमेना. शेवटी चरफडत कळशी उचलली आणि रस्ता मीच ओलांडला. मग ते रोजचंच झालं. पाणी माझं, वाळा माझा, कंबर माझी. झाड मात्र त्याचं.

"भिया, थारो मालक घणो पुण्यवान हे," असं म्हणून एका म्हाताऱ्या गाडीवानानं मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. माझा मालक! अहो, मी दरबारचा कारकून! सांगणारच होतो, पण तोंडात फुटाणे होते.

तो परतला त्या दिवशी म्हातारा पुन्हा आलेला. मित्राला म्हणाला, "बाबूजी, अबके पाणी में कैसी खुसबू थी!"

मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यापलीकडे बघितलं. तो मोठ्यानं म्हणाला, "म्हारो नी, भिया. यो सब पुन्न इनको."

सगळे माझ्याकडे वळले. ज्यासाठी उन्हाळाभर जळलो तो क्षण आला. मी छाती फुगवली, तोच म्हातारा वाकला तो त्याच्याच पायांशी. "पुन्न भी बाँट दियो! असो मिनख नी देख्यो!"

घरी ही पदरानं डोळे टिपत होती. "श्रेयसुद्धा देऊन टाकलं हो! केवढं मन!"

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, तो उठायच्या आत, जाऊन त्याचे रांजण काठोकाठ भरले. दार उघडून तो डोळे चोळत बाहेर आला.

"अरे, आता कशाला? मी आलोय ना!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "तुझ्या वाट्याला काही उरू नये म्हणून."

तो खदखदून हसला. त्याला ती थट्टा वाटली.