प्रोसेसरला प्रश्न विचारणारा मेहुणा

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका संशयी माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा सापडायचा नाही. कॅम्प तीनच्या नाक्यावर शेअर रिक्षात बसण्याआधी हा वाकून ब्रेक दाबून बघायचा. रिक्षावाला खेकसायचा, "अंकल, बैठना है कि गाडी पास करनी है?" पुतणीच्या लग्नात यानं भटजींनाच विचारलं, "मंगलाष्टकं पाठ आहेत ना?" भटजी चिडले आणि चौथ्यावर अडकले. हा माझ्या कानात, "बघा दाजी, विचारलेलं बरं असतं."

बायको वारली, तेव्हापासून तो खरवईहून रोज संध्याकाळी अंबरनाथला माझ्याकडे यायला लागला. हातात ऑफिसात छापलेल्या, कडेला भोकं असलेल्या कागदांचा गठ्ठा. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल म्हणून मुख्य प्रोग्राम असतो. जगभरची माणसं त्यात फुकट सुधारणा करतात आणि हा त्या फुकट तपासतो. मी चौथी शिकलेला फिटर, मला काय कळणार! पण कागद पसरायला माझी खोली लांबलचक, म्हणे. पसरायचा आणि त्यांच्या कडेनं येरझारा घालायचा.

"दाजी, मशीन सुरू झालं की कर्नल प्रोसेसरला विचारतो, तुला काय काय येतं? जुन्या प्रोसेसरला हा प्रश्नच झेपत नाही, जागीच अडकतो. म्हणून याला विचारता येतं का, ते आधी बघायचं. या नव्या सुधारणेत ते बघणंच काढलंय. बाकी सगळे हो म्हणाले."

"मग तूही म्हण आणि बस खाली."

"आणि जुनी मशीनं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी काय करायचं?"

मग यानं कॅम्प तीनमध्ये एका सिंधी दुकानदाराचं जुनं मशीन मागून घेतलं, मलाही नेलं. नवी सुधारणा घालून सुरू करताच ते थिजलं. हा टाळ्या पिटतोय! दुकानदार म्हणाला, "साईं, मशीन बंद पडी और तू हँसता है?"

यानं नकार लिहून पाठवला. मग आठ दिवस वाट बघणं. दार वाजलं की मी आधी त्याचं तोंड बघायचो. खरं सांगतो, मला उत्तर यायला नको होतं. काम संपलं की हा कशाला येतोय?

नवव्या दिवशी सांगितलं, "मानलं त्यांनी. चूक सुधारली."

"बरं झालं," म्हणालो. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तो रिकाम्या हातानं दारात. "कागद कुठेत?"

"नाहीत. घरी बसवत नाही, दाजी."

तो येरझारा घालायला लागला. मीही उठलो. दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचो आणि वळायचो. आत, तिच्या ओट्याकडे, कोणीच गेलं नाही.