सुगीच्या टेबलावरची सात कणसं

दगडाबाई चर्चच्या पायरीवर बसून आरोहीच्या केसातली जट सोडवायली. एका हातात फणी, दुसऱ्या हातानं पोरीचं डोकं गच्च धरलेलं, आन् पाठांतर चालूच. आरोही "आई गं" म्हणली की दगडाबाई म्हणती, "पुढची ओळ म्हण, मग दुखत न्हाय." पोरगी रडत रडत पुढची ओळ म्हणती. म्या घंटेजवळ उभी. आमची घंटा म्हंजी लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. दगडाबाईनं मान हलवली की ठोका द्यायचा, त्याच्या आधी न्हाय.

दर रविवारी सव्वाआठला हेच असतंय. उपासना साडेनऊला, त्याच्या आधीचा तास लेकरांचा. त्याला आमच्यात शब्बाथ शाळा म्हणत्यात. शाळा म्हणलं की माझं टाळकं फिरतंय. नववीत दप्तर फेकलं ते परत उचललं न्हाय. पण ह्या शाळंतून म्या पळाले न्हाय. एकदाच पळणार व्हते, तेच सांगायचंय.

आमचं गाव सास्तूरच्या पुढं चार किलोमीटर. आमची ख्रिस्ती घरं बावीस. पाळकसाहेबांकडं पाच गावं, त्यामुळं ते म्हैन्यातनं दोनदा येत्यात. बाकीचे रविवार दगडाबाईच्या अंगावर. ती काय शिकलेली मास्तरीण न्हाय. आठवडाभर दुसऱ्याच्या रानात खुरपती, चर्चच्या मागं एका खोलीत राहती, नवरा जाऊन लई वर्षं झाली. आवाज असा की हाक मारली तरी लेकरू दचकतंय. तोंड बघून वाटतंय रागावलीय. बऱ्याचदा रागावलेली नसतीच.

तिचं शिकवणं लई बारीक. चपला ओळीत, टाचा भिंतीकडं. आत गेलं की पहिल्यांदा सगळ्यांना हात देऊन सलाम करायचा, म्हाताऱ्यापासनं मांडीवरच्या लेकरापर्यंत. ज्याच्याशी आठवड्यात भांडलं त्याला तर आधी. मग जाजमावर मांडी. प्रार्थनेत डोळे झाकायचे. ती स्वतः एक डोळा उघडा ठेवून बघती कुणाचे उघडेत ते, आन् आमी विचारलं तर म्हणती, माझा तो डोळा कामावर हाय.

आन् एक रीत फक्त तिचीच. एखादं लेकरू आलं न्हाय की तास झाल्यावर सगळ्यांची ओळ करून ती त्याच्या दारात घेऊन जाती. रागवायचं न्हाय, विचारायचं न्हाय. अंगणात उभं राहून एक प्रार्थना म्हणायची आन् परत यायचं. आईबाप इतके शरमत्यात की पुढच्या रविवारी पोरगं न्हाऊन-धुऊन सगळ्यात आधी हजर.

म्या नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. फेब्रुवारीत आमच्यात सुगीचा सण असतोय. रानातलं पहिलं पीक देवापुढं आणायचं. त्या दिवशी लेकरं दारापासनं ओळीनं चालत पुढच्या टेबलाकडं जात्यात, आपलं आणलेलं ठेवत्यात आन् मोठ्यानं सांगत्यात, हे आमच्या अमुक रानातलं. कुणाचे हरभऱ्याचे ढाळे, कुणाचा भोपळा, कुणाची करडई. आमचं तर रानच न्हाय. बाप सोलापूरला गवंड्याच्या हाताखाली, माय मजुरीला. दोन वर्षं मायनं मला साखरेचा पुडा देऊन पाठवलं. दुसऱ्या वर्षी उत्कर्ष ओळीत माझ्या मागं व्हता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "हिचं रान किराणा दुकानात हाय."

तवाच म्या ठरवलं, पुढच्या साली कणसं आणायची.

गावाच्या कडंला महालिंगप्पांची ज्वारी. मोठा शेतकरी, गळ्यात लिंग, बोलायला कमी, चालताना मातीकडं बघणारा माणूस. सणाच्या दिवशी झुंजूमुंजू असताना म्या विळा घेऊन गेले. कुत्रं भुंकायलं म्हणून आत शिरले न्हाय, कडंकडंनं गेले. बांधाजवळची सात कणसं कापली आन् सुतळीनं पेंडी बांधून फ्रॉकच्या घोळात घेऊन आले.

ओळीत माझी पाळी आली. टेबलावर दगडाबाईनं आपलं आधीच ठेवलं व्हतं, फडक्यात पाच अंडी. दरसाल ती ज्वारी आणायची, तिच्या वाट्याची थोडीशी जमीन व्हती कुठंतरी, त्यातली. त्या साली अंडी बघून मला मनात वाटलं, बरं झालं, माझी कणसं उठून दिसतील. म्या पेंडी अंड्यांच्या शेजारी ठेवली आन् म्हणले, "आमच्या बांधावरच्या रानातलं."

बब्रुवानकाका चर्चच्या मंडळीचे पंच, पुढंच बसलेले. ते म्हणले, "तुमचं रान? कधी घेतलं?" लोक हसले. माझी माय खाली बघायली.

उपासना संपली. दगडाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पेंडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "कुणाच्या रानातली?"

तिच्याशी खोटं बोलता येत नसतंय. म्या सांगितलं, महालिंगप्पांच्या.

बब्रुवानकाकांनी ऐकलं आन् सुरू झाले. गावात कळलं तर काय तोंड दाखवायचं, लोक म्हणतील चर्चात पोरांना हेच शिकवत्यात, पाळकसाहेब येईपर्यंत ह्या पोरीला लेकरांच्या ओळीत घेऊ नका, मग ते काय म्हणतील ते बघू. मला चोरीचं तितकं काय वाटलं न्हाय. ओळीचं नाव काढलं तवा मात्र घाबरले. घरी बसून दर रविवारी रुळाचा आवाज ऐकायचा, आन् आपण आतले न्हाय.

दगडाबाईनं टेबलावरची पेंडी उचलून माझ्या हातात दिली. मग बाकीच्यांकडं वळली, "चला रे, ओळ करा."

"सगळे कशाला?" बब्रुवानकाका म्हणले. "चोरी एकीनं केलीय."

"ओळीतली एक चालली की ओळ चालली," दगडाबाई म्हणली. "तुमी बी या वाटलं तर."

ते आले न्हाईत. आमी बारा लेकरं, पुढं म्या पेंडी घेऊन, मागं दगडाबाई. रविवारचं गाव दारात बसलेलं. कुणीतरी विचारलं, दगडाबाई, वरात कुणाची? ती म्हणली, ज्वारीची.

महालिंगप्पा ओसरीवर बशीतनं चहा पीत व्हते. त्यांचा पोरगा रुद्रेश, तवा कॉलेजात, मोटरसायकल पुसत व्हता. दगडाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्या म्हणले, "अप्पा, म्या तुमच्या रानातनं सात कणसं कापली. देवाला द्यायला."

त्यांनी बशी खाली ठेवली. पेंडी घेतली, उलटीसुलटी केली. एक दाणा चोळून तोंडात टाकला आन् चावत बसले. मग दगडाबाईकडं बघून कानडीत कायतरी म्हणले. दगडाबाईचं माहेर कर्नाटकात आळंदकडचं, तिनंबी कानडीत उत्तर दिलं, एवढंसंच. मला कानडी येत नव्हती. मला वाटलं, शिव्या दिल्या.

अप्पांनी पेंडीची सुतळी परत आवळली. मग मला म्हणले, "चोरलेलं देवाला कसं चालंल? आता मी देतो, ते ने." पेंडी परत माझ्या हातात. "आन् दोन दिवस सांच्याला येऊन पाखरं हाकायची."

पाखरं हाकायचं ऐकून उत्कर्षबी म्हणला, मीबी येतो. दगडाबाईनं त्याच्या टाळक्यात एक हलकी मारली आन् म्हणली, तू आधी चोरी कर, मग ये.

आमी तसेच चर्चात परत आलो. म्या पेंडी टेबलावर ठेवली आन् मोठ्यानं म्हणले, महालिंगप्पांच्या रानातली, त्यांनी दिलेली. बब्रुवानकाका दारात उभे व्हते. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आन् घरी गेले. ओळीचं परत कुणी बोललं न्हाय.

दोन दिवस पाखरं हाकली. पण पुढच्या रविवारी म्या गेले न्हाय. लाज तवा आली, उशिरा. गोधडीत तोंड घालून पडले. तास संपायच्या वेळंला अंगणात पायांचा आवाज. बघते तर ओळ. अकरा जण डोळे झाकून उभे. प्रार्थना उत्कर्षला सांगितलेली. त्यानं नेहमीचं सगळं म्हणलं आन् शेवटाला जोडलं, "आन् हिला लवकर तयार होऊ दे, ऊन लागायलंय."

म्या तोंड धुतलं आन् गेले.

पुढं शाळा सोडली तवा घरात मार खाल्ला, गावानं शहाणपण सांगितलं. दगडाबाईनं रुळाचा ठोका द्यायची लोखंडी सळई माझ्या हातात दिली. तवापासनं घंटा माझी. तिला कुणी वाकडं बोललं तर म्या त्याच्या दारात जाऊन भांडते, आन् तिथं प्रार्थना म्हणत न्हाय. आता तिचे गुडघे गेलेत, दारोदार ओळ म्याच नेते.

महालिंगप्पा दोन वर्षांमागं वारले. ह्या संक्रांतीला लोहाऱ्याच्या स्टँडवर रुद्रेशदादा भेटला. दगडाबाई कशी हाय विचारलं, आन् एकाएकी हसायला लागला. म्हणला, तुला अजून ठाऊक न्हाय का? बांधाच्या अलीकडं आमचं रान. पलीकडं दीड गुंठ्याची पट्टी दगडाबाईची. आमच्यात मालदांडी ज्वारी, तिची गुळभेंडी, हुरड्याची. दाणा तोंडात टाकला की कळतंय. अंधारात तू बांध ओलांडून गेलतीस. बाकी पट्टीचा हुरडा करून सणापुरती तेवढीच कणसं राखली व्हती तिनं.

मला ती पाच अंडी आठवली. म्या विचारलं, मग त्या दिवशी ते कानडीत काय बोलले?

रुद्रेशदादा म्हणला, बाबा म्हणले व्हते, "ही आमची न्हाईत." आन् दगडाबाई म्हणली व्हती, "ठाऊक हाय."