चांगला मीटर कपाटात

नोकरीधंद्यातून उरलेल्या वेळात इलेक्ट्रॉनिक्सची खाज असलेले आम्ही सोलापुरात सातआठ जण आहोत. कुणी जुने रेडिओ उघडतं, कुणी स्पीकर बांधतं, मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. म्हणजे उघडतो नक्की, दुरुस्त होतोच असं नाही. रविवारी सकाळी नवी पेठेतल्या एका चहाच्या गाड्यावर आम्ही जमतो. तिथं रेडिओबद्दल कुणी बोलत नाही. बोलतात मीटरबद्दल: व्होल्टेज, करंट मोजायचा मल्टिमीटर भारी घ्यावा की स्वस्त.

तट दोन. महागवाल्यांचा म्होरक्या एका कॉलेजात शिकवतो. त्यानं भलीमोठी रक्कम मोजून विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आणला आणि दोन वर्षांत त्यावर घरच्या विजेची एक लाट पाहिली. तिचा फोटो तो मोबाइलवर नातवाचा दाखवावा तसा दाखवतो. स्वस्तवाल्यांचा म्होरक्या किराणा दुकानदार. त्याच्याकडं चारशेचे पाच मीटर आहेत. पाचही एकाच बॅटरीचं वेगवेगळं व्होल्टेज दाखवतात आणि हा पठ्ठ्या पाचांची सरासरी काढतो. वर विचारतो, एकच मीटर असलेल्याला तो चुकतोय हे कळणार कसं? उथळ पाण्याला खळखळाट फार.

मी दोघांनाही हसायचो, कारण माझ्याकडं दोन्ही होते. एक चारशेचा पिवळा आणि एक भारी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. भारीचं कौतुक मी गाड्यावर तोंड दुखेपर्यंत केलंय. त्याच्या आतला फ्यूज खरा. वायरची लाल पिन चुकीच्या भोकात राहिली तर तो किंचाळून सांगतो. स्वस्त मीटरवर सुरक्षिततेचे शिक्के असतात ते साबणाच्या वेष्टनावर लिंबू असतं तसे, असं मी दुकानदाराला तोंडावर सांगायचो.

आणि हा भारी मीटर असायचा कुठं? कपाटात. मीटर डब्यात, डबा पिशवीत, काचेवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा तसंच. चांगली वस्तू वापरायची आमच्या घरात पद्धतच नाही. सोलापुरात राहून आम्ही चांगली चादर ट्रंकेत ठेवतो आणि विटलेली पांघरतो. पाहुण्यांच्या कपबश्या पाहुण्यांसाठी, आणि पाहुणा तेवढ्या लायकीचा वाटला नाही तर त्यालाही स्टीलचा पेला. मीटर वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर यायचा. पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न आणि मधोमध तो. हळदकुंकूही मी काचेवरच्या प्लास्टिकवरच लावायचो. दसरा झाला की पुसून पुन्हा कपाटात. राबायचा तो पिवळा.

भवानी पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याखाली चार यंत्रमाग. घरात तेलुगू, बाहेर मराठी, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मागावर धागा तुटला की अण्णा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारतात. कशी मारली हे समोर उभं राहूनही कळत नाही. खरा कारखाना त्या दोन बोटांवर चालतो. गेल्या दसऱ्याला ते सोनं द्यायला आले तेव्हा मीटर पाटावर होता. मी त्यांना अर्धा तास त्याची कीर्ती ऐकवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांच्या एका मागाची मोटर नुसती गुरगुरायला लागली, फिरेना. वायरमन दोन दिवस आज येतो, उद्या येतो करत होता. अण्णा माझ्याकडं आले आणि जरा बघता का म्हणाले. मी कपाट उघडलं, डब्याला हात लावला, कपाट बंद केलं आणि पिवळा घेऊन निघालो.

आदल्या दिवशी मी पिवळ्यानं करंट मोजला होता आणि लाल पिन करंटच्याच भोकात राहिली होती. अशा मीटरनं व्होल्टेज मोजायला जाणं म्हणजे विजेच्या दोन तारा सरळ एकमेकींना जोडणं. हे शिकाऊ पोरांच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. दर रविवारी मी ते इतरांना शिकवतो. पिवळ्याची मागची टेकणी मोडलेली होती, म्हणून मी अण्णांना म्हटलं, जरा धरा. त्यांनी तो उजव्या हातात धरला. मी मीटरच्या दोन्ही वायरींची टोकं मोटरच्या तारांना लावली.

मीटर अण्णांच्या हातात फुटला. मला काही झालं नाही. त्यांचा अंगठा आणि तर्जनी भाजून पांढरी पडली. दवाखान्यातून आल्यावर मी तो मीटर उघडून पाहिला. बाहेर फ्यूज छापलेला होता, आत नुसती जाड तार. छापणाऱ्यावर काय रागवायचं? मला ते माहीत होतं.

रविवारी गाड्यावर दोन्ही तट खूश. महागवाला म्हणाला, मी सांगतच होतो. दुकानदार म्हणाला, मीटर बरोबर होता, पिन चुकली. दोघंही खरं बोलत होते आणि अण्णांचा हात कसा आहे हे एकानंही विचारलं नाही. मला शिसारी आली, त्यांची कमी आणि माझी जास्त. चहा तसाच ठेवून मी उठलो.

पट्टी निघाल्यावर मी अण्णांकडं गेलो. ते मागापाशी उभे होते. मोटर वायरमननं केव्हाच सुरू करून दिली होती. एक तार सैल होती, एवढंच. ते रागात नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सायेब, त्यो चांगला मीटर घरात हाय की?"

मी हो म्हटलं.

"मग माज्याकडं येताना हलका का आणला?"

घाईत हाताला लागला तो घेतला, असं मी सांगितलं. खोटं सांगितलं. कारखान्यात कापसाची धूळ उडते, ती चांगल्या मीटरवर बसेल, असं कपाट बंद करताना माझ्या मनात आलं होतं.

अण्णांनी मान हलवली आणि तुटलेल्या धाग्याची दोन टोकं उचलली. चिमटीत धरायला गेले, निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा निसटल्यावर त्यांनी गाठ मारायला सुनेला हाक मारली.