पैठणीत अडकलेली माशी

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, यंदाच्या संक्रांतीत नारायण पेठेतल्या आमच्या घरी हळदीकुंकवाला आलेली एक सुवासिनी गळाला लागली. गळ माझा होता.

मी मासे खात नाही, पकडत नाही. पण अमेरिकेत स्टीलहेड नावाचा एक मासा आहे. तो ऐन हिवाळ्यात समुद्रातून नदीत चढतो. त्याला भुलवायला गळावर पिसं, रेशीम नि जर बांधून नखरेल माशी करतात. तिकडे पुष्कळजण ती नदीत टाकतच नाहीत, काचेच्या पेटीत मिरवतात. उपयोग शून्य आणि मतं भरपूर! पुणेकराला याहून चांगला छंद कुठला?

तिकडे स्थायिक झालेला आणि दर हिवाळ्यात कमरेएवढ्या गार पाण्यात हौसेने उभा राहणारा माझा कॉलेजातला मित्र सुट्टीवर आला. माझ्या माश्या पाहून म्हणाला, "हे तू बांधलंस की मांजराने ओकलं?" मग जरा विरघळला. "एक तरी धड बांध. जाताना नेतो आणि खरंच नदीत टाकतो."

बांधली! जांभळी, केशरी, पोटावर जरीचे वेढे. माझी एक तरी माशी पाण्याला लागणार होती. गाठीवरचं वॉर्निश वाळायला ती मी दिवाणखान्यातल्या तबकात ठेवली. त्यात बायकोने वाणासाठी आणलेले साडीचे ब्रोच होते. मला दिसले होते, म्हटलं, शोभेल.

शोभली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाण म्हणून नेमकी तीच उचलली आणि पैठणीला खांद्यावर खोचली. मग निघेना. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो. आत जातो, बाहेर येत नाही.

"अहो, ओढू नका! पैठणी आहे!" काकू ओरडल्या.

"माशी आहे!" मी ओरडलो.

बायको कात्री घेऊन आली. "पिसं कापते."

"पदर थोडासा कापला तर?" मी सुचवलं. हळदीकुंकवात इतकी शांतता मी प्रथमच ऐकली.

तेवढ्यात माशी न्यायला मित्र आला. त्याने पक्कड मागितली, टोक अलगद कापडातून पुढे बाहेर काढलं, काटा चेपून सपाट केला आणि गळ मागे ओढला.

"अरे, आता मासा सुटेल!" मी कळवळलो.

"आमच्या नदीवर बिनकाट्याचाच गळ चालतो. नियम आहे."

माशी सुटली. पैठणीचा धागाही निघाला नाही. मित्र ती खिडकीशी घेऊन गेला, उजेडात फिरवत राहिला.

"मासा येईल का रे हिला?" मी विचारलं.

तो तोंड उघडणार, इतक्यात पदर सावरत काकूच म्हणाल्या, "न यायला काय झालं? एवढे ब्रोच सोडून मी नाही का हिच्यावरच झडप घातली!"