दारूबंदी नाकाला नाही

पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी पापडवाल्यावर दारूबंदीच्या पहिल्या वर्षांत, ऐन पोळ्याच्या दुपारी अन्याय झाला. हवालदारानं त्याची रिकामी बाटली रस्त्यावर आपटून फोडली. मी स्वतः दारूबंदीची पत्रकं वाटणारा. तरी सांगतो, तो अन्यायच होता.

तरुणपणी तो म्हातारा दक्षिण अमेरिकेत एका सिंधी पेढीच्या रेशमाच्या दुकानात नोकर होता. तिथल्या उंच डोंगरातली वाइन कधीकाळी त्या बाटलीत होती. पापड खपले की तो बूच काढून आमच्या नाकाशी धरायचा. "घ्या साईं, दारूबंदी तोंडाला आहे, नाकाला नाही!" मग डोळे मिटून सांगायचा, की मळ्यांच्या माथ्यावर बर्फ असतो, दिवसा ऊन भाजतं, रात्री थंडी झोंबते, म्हणून द्राक्षाची साल जाड आणि वाइन काळीभोर. मला वास यायचा तो जुन्या बुचाचा. पण त्याचं तोंड बघून मीही मान डोलवायचो.

त्या दुपारी हवालदारानं बाटली हिसकावून हुंगली. म्हणाला, "वास मारतोय, म्हणजे दारूच!"

"सिंधमधलं घर गेलं, अमेरिकेतली नोकरी गेली," काचा वेचत म्हातारा म्हणाला. "वास तेवढा उरला होता, साईं."

पुढं तो कॅम्पात दिसला नाही. त्या कोपऱ्यावर गेलो की माझं नाक अजून ते बूच शोधतं.

उद्या तुमच्या गल्लीत कुणाची बाटली हिसकावली, तर नुसते बघत उभे राहू नका. हवालदाराचा हात धरा आणि आधी ती उपडी करायला लावा.