मला न ऐकू आलेली शिट्टी

माझे उरलेसुरले कान शाबूत राहिले ते यूएसबीच्या स्पीकरमुळे आणि बायकोच्या वैतागामुळे. दोघांचेही उपकार मी मानतो. स्पीकरला तेव्हा भरपूर शिव्या घातल्या, ती गोष्ट वेगळी.

साल १९९९. मी सुप्याला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीनपाशी कानात बोळे घालणं आम्हाला नाजूकपणाचं वाटायचं. घरी येऊनही आम्ही ओरडूनच बोलायचो. त्यात मेव्हण्याने पुण्याहून कॉम्प्युटर, हे स्पीकर आणि विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी आणून दिली आणि माझ्या सुट्ट्या कामी आल्या.

लिनक्समध्ये प्रोग्रामच्या लेखी स्पीकर म्हणजे एक फाइल. ती उघडायची, सेकंदाला आवाजाचे किती आकडे पाठवणार ते सांगायचं आणि आकडे ओतत राहायचं. ड्रायव्हर नावाचा मधला प्रोग्राम त्यांच्या लहान लहान खेपा करून वायरीतून स्पीकरला धाडतो. खेप डेअरीच्या टेम्पोसारखी ठरल्या वेळी निघते, तुमचं दूध आलेलं असो वा नसो. आकडे वेळेवर पोचले नाहीत की आवाज तुटतो. हा ड्रायव्हर तेव्हा नवा होता, कच्चा होता, पण कुणा अनोळखी माणसाने तो लिहून सगळ्यांना वाचायला उघडा ठेवला होता. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

स्पीकर तपासायला मी एक प्रोग्राम लिहिला. आवाज जाड सुरू होऊन चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत जायचा. पण अर्ध्या वाटेतच स्पीकर मुका व्हायचा. प्रोग्राम म्हणायचा, सगळे आकडे दिले. मी म्हणायचो, खोटं बोलतोस. चूक ड्रायव्हरमध्येच असणार म्हणून किती रविवार मी त्याच्या मागे लागलो होतो!

एका रविवारी बायको पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"अवो, ती शिट्टी बंद करा. भाकरी थापताना डोकं उठलंय."

शिट्टी केव्हाच बंद पडलीय, असं मी तिला सुनावलं.

"चालूच हाय की."

तिची जिरवायची म्हणून मी तिला पाठ करून उभं केलं आणि नुसती ती शेवटची शिट्टीच गुपचूप थांबवू-चालवू लागलो. ती दर वेळी बरोबर सांगत गेली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी घाबरलो.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेले ते गेले, राहिलेले सांभाळा. प्रेस सोडून स्टोअरमध्ये काम मागायचं मी तिथेच ठरवलं.

परतताना एसटीत बायको गप्पच होती. मी कारण विचारलं, तेव्हा माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "मला वाटायचं, माझं बोलनं तुमाला ऐकायचंच न्हाई. म्हनून मी बोलनंच कमी केलं हुतं."

मला रडू आलं. मग सुपा येईपर्यंत ती बोलत राहिली, आणि मी तिच्या ओठांवरची नजर हलू दिली नाही.